सामानाचे तीन पावसाळे

दिवाळी अंकात या पानावर फराळ, रांगोळी आणि पाहुण्यांची सरबराई यांविषयी लिहावे, अशी एक रीत पडून गेली आहे. परंतु वर्षभरात आलेली वाचकांची पत्रे पुढ्यात घेऊन बसले, तेव्हा चकली का मोडते आणि अनारसा का हसतो यांहून निराळाच एक प्रश्न त्यांत पुन्हा पुन्हा दिसला. गिरगाव, दादर, पार्ले, मुलुंड, ठाणे, शिवाय पुण्याचे डेक्कन आणि कोथरूड, सगळीकडून विचारणा एकच : "आमची इमारत पुनर्विकासाला चालली आहे. दोन-तीन वर्षे भाड्याच्या लहानशा जागेत काढायची आहेत. इतक्या वर्षांचे हे सामान ठेवावे तरी कुठे?" कोणाला नुसत्या फरश्या आणि स्वयंपाकघर बदलून घ्यायचे आहे, त्यांचा प्रश्न दोन महिन्यांचा. त्यांच्याकडे मी शेवटी येईन. पुनर्विकासवाल्यांची अडचण मोठी आहे, म्हणून मान त्यांचा पहिला.

आणि दिवाळी ही वेळ या विषयाला गैरलागू मुळीच नाही. वर्षातून एकदाच आपण कपाट भिंतीपासून हलवून त्याच्या मागे पाहतो, ते याच दिवसांत. पाऊस नुकताच संपलेला असतो. लाकूड, कापड, कागद कोरडे होऊ लागलेले असतात. सामान बांधायला दिवाळी ते होळी यांच्यासारखा काळ नाही. कारण बांधताना जी हवा आत कोंडली जाते, तीच पुढे महिनोन्महिने त्या वस्तूच्या सोबतीला राहते. जुलै महिन्यात घट्ट बांधलेले कपाट म्हणजे कपाटाबरोबर बांधून ठेवलेली ओल! घर रिकामे करण्याची तारीख आपल्या हाती नसते, हे मला ठाऊक आहे. पण लाकडी सामान तेवढे तीन महिने आधी हलवायला कोणाची परवानगी लागत नाही.

प्रथम एक हिशेब करू. करारात चोवीस किंवा छत्तीस महिने लिहिलेले असतात, आणि आपण मनात तेवढेच धरून बसतो. गोरेगावच्या पत्रा चाळीचे उदाहरण सर्वांसमोर आहे. तेथील ६७२ कुटुंबांच्या पुनर्विकासाचा करार २००८ साली झाला. दहा वर्षे उलटली तरी त्यांना आपली घरे मिळालेली नव्हती. हे टोकाचे उदाहरण म्हणून सोडून दिले, तरी सामानाच्या बाबतीत तीन पावसाळे हे कमीतकमी माप धरावे. म्हणजे छत्तीस महिन्यांचे गोदामभाडे, दोन वेळची हमाली, दोन वेळचा टेम्पो आणि परत आल्यावर सुताराची मजुरी. ही बेरीज एका कागदावर मांडा आणि तो कागद सोफ्याच्या पाठीला टाचणीने लावून सोफ्याकडे पाहा. पुष्कळसे निर्णय तिथल्या तिथे होतील!

कारण घरातले सगळेच सामान ठेवण्याच्या योग्यतेचे नसते. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत घरांत आलेले पुष्कळ फर्निचर हे भुसा दाबून केलेल्या फळ्यांचे, वर चकचकीत लॅमिनेट लावलेले. ही फळी ओल प्याली की फुगते, आणि वाळली तरी पूर्ववत होत नाही. शिवाय एकदा उघडलेला स्क्रू त्याच भोकात दुसऱ्यांदा पहिल्यासारखा धरत नाही. असले कपाट तीन वर्षे भाडे भरून ठेवणे म्हणजे शिळ्या भाताला नवी फोडणी. ते देऊन टाकावे. ज्याला आज त्याचा उपयोग आहे त्याच्याकडे जावे. सागवान आणि शिसव यांची गोष्ट वेगळी. सागाच्या गाभ्याच्या लाकडात अंगचेच तेल असते, वाळवीला ते सहसा रुचत नाही. मात्र सालीजवळच्या पांढरट लाकडाला ही हमी नाही, आणि जुन्या कपाटांच्या पाठीमागच्या पट्ट्यांत व खणांच्या तळाला तेच लाकूड किंवा साधे देवदार वापरलेले असते. खण बाहेर काढून उलटा करून पाहिला म्हणजे कपाटाचे खरे वय आणि खरी जात कळते.

लाकडाची जात ओळखली, की दुसरे काम टेपचे. नव्या घराचा नकाशा सोसायटीकडे असतोच. तो मागून घ्या. जुन्या चाळींतल्या आणि वाड्यांतल्या खोल्यांची छते अकरा-बारा फूट उंच; नव्या फ्लॅटची त्याहून बरीच कमी. आरसा आणि वरचा नक्षीचा मुकुट धरून साडेसात फूट भरणारे शिसवी कपाट खोलीत उभे राहीलही, पण ते लिफ्टमध्ये शिरेल का? चौदाव्या मजल्यापर्यंत जिन्याने ते कोण नेणार? लिफ्टच्या दाराची उंची, आतली खोली आणि जिन्याच्या वळणाची रुंदी हे तीन आकडे मिळाल्याशिवाय मोठ्या वस्तूचे एक दिवसाचेही भाडे भरू नये. झोपाळ्याचे तर आणखीच निराळे. छताच्या स्लॅबचे लोखंड बांधले जात असतानाच त्यात कड्या अडकवून घेतल्या तर उत्तम. मागाहून भोके पाडून बसवायच्या म्हटल्या तर अभियंत्याला विचारावे लागते, आणि सोसायटी नाही म्हणू शकते. तेव्हा झोपाळ्याची फळी आणि पितळी दांड्या तीन वर्षे जपणार असाल, तर कड्यांची मागणी आजच लेखी देऊन ठेवा. फळी जपली आणि टांगायला जागा नाही, असे व्हायला नको.

इथवर आकड्यांचे झाले. पण घरातल्या वस्तूंचा निकाल नुसत्या टेपने लागत नाही, हे कोणत्याही घरात विचारा.

माझ्या ओळखीच्या एका घरात तीन पिढ्यांचे सामान होते. मुलगा आणि सून दोघेही समंजस. कोणतीही वस्तू टाकायची नाही, सगळे नीट बांधून गोदामात ठेवायचे आणि नव्या घरात पुन्हा मांडायचे, असे त्यांनी ठरवले. यादी झाली. सासऱ्यांचे लिहायचे टेबल आणि वेताची खुर्ची यांना चौदावा क्रमांक मिळाला. सुनेने यादी वाचून दाखवली आणि म्हणाली, "बाबा, तुमच्या टेबलाला पहिल्यांदा कापड गुंडाळायचं आहे, म्हणजे ओरखडासुद्धा जायचा नाही. तीन वर्षांनी जसंच्या तसं तुमच्या खोलीत!" म्हातारबुवांचे वय ब्याऐंशी. ते काही रागावले नाहीत. "विकून टाक, सूनबाई," एवढेच म्हणाले. तिला वाटले, खर्चाचा विचार करताहेत. ती समजावू लागली, तेव्हा ते म्हणाले, "अगं, खर्चाचं नाही. तीन वर्षं तुला आहेत. मला तीन वर्षं कोणी लिहून दिली आहेत?"

ते टेबल भाड्याच्या घरी गेले. तिथल्या बैठकीच्या खोलीत ते इतके मोठे दिसते की पाहुण्याला अंग चोरून जावे लागते, आणि सोफा गोदामात आहे. मला ही मांडणी अगदी योग्य वाटते. घरात वडीलधारे माणूस असेल, तर त्याची रोजची खुर्ची, त्याचा पलंग, देव्हारा, हाताशी असलेले फडताळ या वस्तू सोबत न्याव्यात आणि तरुणांचे सामान ठेवणीला पाठवावे. तरुण माणूस तीन वर्षे प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसू शकतो. म्हाताऱ्या माणसाला रात्री उठताना पलंगाची कड कुठे आहे, हे हाताला ठाऊक असावे लागते. नव्या जागेत नवा पलंग म्हणजे पडण्याची भीती दुप्पट. आपण यादी करतो ती वस्तूंच्या किमतीवरून. ती एकदा माणसांच्या वयावरूनही करून पाहावी.

आता ठेवायचे कुठे? पहिला विचार नातलगांचा येतो. गावाकडच्या घराचा माळा, पुण्याच्या वन्संची रिकामी खोली, धाकट्या दिरांचे गॅरेज. माझे मत विचाराल तर परक्याचे गोदाम बरे, आपल्या माणसाची खोली नको. भाडे पैशांत चुकते करता येते. उपकाराचे चुकते करता येत नाही. शिवाय सामान वर्षभर एका घरात राहिले की ते त्या घराचे होऊ लागते. प्रथम कपाटावर वर्तमानपत्रे येतात, मग कपाटात स्वेटर येतात, मग जाऊबाईंच्या मुलीच्या लग्नात सोफा बाहेर निघतो, आणि तीन वर्षांनी आपण तो न्यायला गेलो की दारात उभा असलेला लहानगा विचारतो, "आमचा सोफा का नेता?" त्यात कोणाचाच दोष नसतो. म्हणून नातलगाकडे ठेवायचेच असेल, तर "ठेवायला" देऊ नका, "वापरायला" द्या, आणि तसे मोकळेपणाने बोला : तीन वर्षे तुम्ही वापरा, नंतर आम्ही नेऊ, मोडतोड झाली तर आमची. वापरातल्या लाकडाला हवा लागते, फडके लागते, वाळवी दिसली तर कोणाच्या तरी नजरेला पडते. बंद खोलीतल्या सामानापेक्षा ते हजार वाट्याने सुखरूप असते.

गोदामाचा मार्ग धरलात तर आधी जाऊन ते डोळ्यांनी पाहा. अलीकडे मोठ्या शहरांतून स्वतःचे कुलूप लावता येईल अशा लहान खोल्याही भाड्याने मिळतात, आणि भिवंडीच्या बाजूची मोठी गोदामेही आहेत, जिथे आपले सामान एका मोठ्या लाकडी पेटीत भरून इतरांच्या पेट्यांबरोबर रचून ठेवतात. लहान खोली महाग पडते, पण हवे तेव्हा जाता येते. पुढे सांगणार आहे त्या कारणाने मला तीच पसंत. पाहायला जायचे ते भर पावसात. जानेवारीत प्रत्येक गोदाम कोरडेच असते! आत शिरल्याबरोबर कुबट वास आला, तर मालकाचे पुढचे बोलणे ऐकायची गरज नाही. भिंतीच्या पायथ्याशी आणि खांबांवर मातीच्या बारीक नळ्या चढलेल्या दिसल्या, तर ती वाळवीची वाट. छत पत्र्याचे असेल तर उन्हाळ्यात आत भट्टी होते, आणि जुन्या फर्निचरचे लाखेचे पॉलिश उष्णतेने मऊ पडते. शेजारच्या खोलीत काय ठेवलेले आहे हेही विचारावे. रंग, थिनर किंवा फटाके यांच्या शेजारी आपले कपाट नको.

आणि तळमजला नको. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, तेव्हा पुण्याच्या नदीकाठच्या पेठांतील संसार पाण्याबरोबर गेले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबईच्या उपनगरांत तळमजल्याच्या घरांतली कपाटे तरंगली. असे दिवस रोज येत नाहीत. पण तीन पावसाळे म्हणजे सुमारे तीनशे साठ दिवस, आणि त्यांतला एक पुरतो. वरचा मजला मिळत नसेल, तर निदान जमिनीपासून फूटभर उंच फळ्यांचा चौथरा मागून घ्यावा. भिंतीला टेकवून तर काहीच ठेवू नये. हातभर अंतर सोडावे, म्हणजे मागून हवा खेळते.

पावती घ्यावी आणि तीवर वस्तूंची यादी असावी, नुसते "नग ३२" नव्हे. दुसऱ्याचे सामान सांभाळायला घेणाऱ्याने, शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूंची जेवढी काळजी घेईल तेवढी घेतली पाहिजे, असे १८७२ च्या करार कायद्याचे १५१ वे कलम सांगते. पण कोणत्या वस्तू दिल्या होत्या आणि कोणत्या स्थितीत, हे दाखवता आले नाही तर कलम काय करणार? म्हणून प्रत्येक वस्तूचे चारी बाजूंनी फोटो मोबाइलवर काढा, आधीचे ओरखडेसुद्धा. घराचा विमा असेल तर तो बहुधा घराच्या पत्त्याशी बांधलेला असतो. सामान दुसरीकडे गेले की विमा कंपनीला लेखी विचारून घ्यावे. तोंडी "चालेल" म्हटलेले चालत नाही.

आता बांधणी. इथे मात्र मी जरा रेंगाळणार आहे, कारण नुकसान होते ते पुष्कळदा इथेच, आणि तेही काळजीपोटी. पॅकर मंडळी येतात आणि टेबलापासून टीपॉयपर्यंत सर्व काही प्लॅस्टिकच्या पातळ पडद्यात करकचून गुंडाळतात. दोन दिवसांच्या प्रवासाला ते ठीक आहे; तीन वर्षांच्या मुक्कामाला नाही. लाकूड कापले तरी त्याचे आत-बाहेर चालूच असते. पावसाळ्यात ते हवेतली ओल घेते आणि रुंदीत फुगते, हिवाळ्यात ती सोडते आणि आक्रसते. लांबीत फरक जवळजवळ पडत नाही. म्हणून तर खण आडवे अडकतात. प्लॅस्टिकमध्ये कोंडलेली ओल बाहेर जाऊ शकत नाही. रात्री हवा गार पडली की तिचे आतल्या बाजूला पाणी होते, आणि लाखेच्या पॉलिशवर पांढरे डाग उमटतात. उन्हाळ्यात मऊ झालेल्या पॉलिशला प्लॅस्टिक चिकटले, तर त्याच्या सुरकुत्यासुद्धा लाकडावर छापल्या जातात. मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास असते; बुरशीला ७० टक्के पुरतात.

तेव्हा लाकडाच्या अंगाला कापडच हवे. जुनी सुती पातळे, धोतरे, चादरी, आणि सगळ्यांत उत्तम म्हणजे आपली गोधडी. धुऊन, कडक उन्हात वाळवून घ्यावी. खळ अजिबात नसावी, कारण खळीवर कसर येते. गोणपाट वरून चालेल, आतून नको. ते ओल धरून ठेवते आणि पॉलिश खरवडते. कापडावरून नवारीच्या पट्टीने बांधावे. सुतळी कडांवर रुतते. प्लॅस्टिक हवेच असेल तर ते फक्त वरच्या अंगाला, छपरासारखे, खाली मोकळे सोडून.

बांधण्यापूर्वी कपाट रिकामे करून तीन-चार दिवस दारे उघडी ठेवावीत. एका काळ्या कागदावर ते उभे करून आठवडाभर तसेच राहू द्यावे. कागदावर पिठासारखी बारीक भुकटी पडली, तर आत लाकूड पोखरणारा किडा जिवंत आहे असे समजावे. भोकांभोवती खडूने खूण करावी, कीडनाशकवाल्याकडून औषध भरून घ्यावे, आणि पुन्हा भुकटी पडत नाही ना हे पाहूनच ती वस्तू इतरांत मिसळावी. वेताच्या आणि बांबूच्या वस्तूंकडे अधिक संशयाने पाहावे. कडुलिंबाचा पाला घालण्याची चाल जुनी आहे. पाला पूर्ण वाळलेला असला तर अपाय नाही, पण पाला घातला म्हणजे वाळवी येत नाही या समजावर विसंबू नका. ओला पाला तर स्वतःच बुरशीला आमंत्रण. डांबराच्या गोळ्या कपड्यांच्या पेटीत पातळ फडक्यात बांधून ठेवाव्यात; पॉलिशला आणि प्लॅस्टिकला त्या थेट लागू देऊ नयेत, आणि तान्ह्या मुलाच्या खोलीत तर ती पेटीच नको. ओल शोषणाऱ्या पांढऱ्या दाण्यांचे जे डबे मिळतात, त्यांत काही दिवसांनी खारे पाणी साठते. रोजच्या घरात ते ठीक. बंद गोदामात कपाटावर ठेवलेला असा डबा कलंडला, तर सगळे पाणी कपाटावर.

जे सुटे होते ते सुटे करावे. व्हिएन्नाच्या थोनेट कारखान्याने १८५९ साली वाकवलेल्या लाकडाची एक खुर्ची काढली : लाकडाचे सहा तुकडे, दहा स्क्रू, दोन नट. सुट्या केल्या की अशा ३६ खुर्च्या एक घनमीटर पेटीत मावत आणि बोटीने जगभर जात. इराण्यांच्या हॉटेलांतल्या खुर्च्या त्याच घराण्यातल्या. आपल्या पलंगांना आणि टेबलांना हाच नियम लावायचा. पण सुटे करायला घरचा, जुना, धीराचा सुतार बोलवा, हातोडीवाला नको. सांध्याच्या दोन्ही बाजूंना आतल्या अंगाला पेन्सिलने सारखाच आकडा घालावा. स्क्रू आणि बिजागऱ्या एका पुरचुंडीत बांधून ती पुरचुंडी त्याच वस्तूच्या पायाला बांधावी. "सगळे स्क्रू एका डब्यात आहेत" असे म्हणणाऱ्या घरातला पलंग तीन वर्षांनी जमिनीवरच असतो. सरसाने चिकटवलेले सांधे मात्र सैल नसतील तर उचकटू नयेत.

आरसा आणि संगमरवरी फळी कधीही आडवी नेऊ नये, ठेवूही नये. खिडकीच्या तावदानासारखी उभी, कडेवर, दोन्ही अंगांना गोधडी लावून. टेबल वरच्या फळीला धरून उचलू देऊ नका. खालच्या चौकटीला हात घालायला सांगा. खुर्चीच्या हातांना धरणाऱ्या हमालाला चहा देऊन जरा थांबवा आणि बैठकीखाली धरायला शिकवा. "मावशी, आमचं रोजचंच काम आहे," असे तो म्हणेल. म्हणू द्या. लोखंडी कपाट (गोदरेजने ती १९२३ पासून काढली, आणि कित्येक घरांत आजीच्या लग्नातले कपाट अजून ठणठणीत आहे) पूर्ण रिकामे करूनच हलवावे. पायांखाली लाकडी ठोकळे, बिजागऱ्यांना तेल, आणि जिथे रंग उडाला आहे तिथे व्हॅसलीनचे बोट. दार लावावे, किल्ली त्यात ठेवू नये. तिच्यावरचा क्रमांक वहीत लिहून ती घरी आणावी.

बाकीचे थोडक्यात. कापसाच्या गाद्या ठेवू नका. पिंजाऱ्याला बोलावून कापूस कोणाला तरी कामाला द्या, परत आल्यावर नव्या भरा. फोमच्या गाद्या सपाट ठेवाव्यात, उभ्या नव्हेत. फ्रिज आतून पुसून, वाळवून, उभाच ठेवावा आणि दाराच्या फटीत कापडाचा बोळा घालावा. पुस्तके लहान खोक्यांत, उभी. मोठे खोके भरले की ते कोणालाच उचलत नाही. पेटी आणि तंबोरा गोदामात पाठवणे मला पाहवत नाही. पेटीच्या भात्यावर झुरळांचा आणि उंदरांचा डोळा असतो. कोणा शिकणाऱ्या मुलीला तीन वर्षे वापरायला द्या. ती वाजत राहील आणि नीटही राहील.

हे सारे केले तरी एक गोष्ट राहते, आणि लहान खोली मला का पसंत ते तिच्यात आहे. ठेवलेल्या सामानाला भेटायला जावे लागते. वर्षातून तीनदा पुरे : मृगाच्या आधी एकदा, नारळी पौर्णिमेच्या सुमारास एकदा आणि दसऱ्यानंतर एकदा. सामान नासते ते पुष्कळदा एका रात्रीत नव्हे; ओल कोपऱ्यातून हळूहळू येते, वाळवी एका पायाने चढते. ऑगस्टमध्ये हात फिरवणारा कोणी असला, तर एक फळी जाते. नसला तर कपाट जाते. म्हणून घर बदलण्याच्या दिवशीच ठरवावे की जाणार कोण. "आपण सगळे जाऊ" याचा अर्थ कोणीच जाणार नाही असा होतो. घरातल्या एकाच्या नावावर हे काम लिहावे. माझ्या मते ते मुलाच्या किंवा नातवाच्या नावावर असावे, कारण त्या वस्तू पुढे त्यालाच सांभाळायच्या आहेत. बरोबर विजेरी, कोरडे फडके, सामानाची वही. प्रत्येक वस्तूला खालून हात लावून पाहायचा, कापड सोडून वास घ्यायचा, दसऱ्यानंतरच्या फेरीत सगळी दारे आणि खण दोन-तीन तास उघडे टाकायचे. वहीत तारीख घालायची. आणि वडील माणसाला हौस असेल, पाय साथ देत असतील, तर त्यांना टॅक्सीने घेऊन जावे. "कपाट बरं आहे ना?" हा प्रश्न ते घरी तीनदा विचारत असतात, एकदा त्यांना स्वतः बघू द्या.

दोन महिन्यांच्या दुरुस्तीवाल्यांना एवढा खटाटोप नको. सगळे सामान एका खोलीत घ्यावे, त्या खोलीचे काम अगदी शेवटी करावे. फरशी कापण्याची धूळ ही केवळ धूळ नसते. ती वाळूकागदासारखी बारीक आणि धारदार असते. ती चुकूनही कोरड्या फडक्याने पुसू नये, पॉलिश जाईल. आधी कुंचल्याने किंवा धूळ ओढणाऱ्या यंत्राने उचलावी. सामानावर आधी चादर, मग प्लॅस्टिक. संध्याकाळी मजूर गेले की प्लॅस्टिक काढून ठेवावे, सकाळी पुन्हा घालावे. खोलीच्या दाराच्या फटीला ओले फडके लावावे आणि किल्ली आपल्याकडे ठेवावी, नाहीतर दुसऱ्या दिवशी आपल्या जेवणाच्या टेबलावर उभे राहून कोणीतरी छत रंगवत असलेला दिसेल.

शेवटी परत आल्यावरचे. नव्या घरात सामान लावले की पहिल्या आठवड्यात खण अडकतात, दारे लागत नाहीत, आणि घरातला कोणीतरी उत्साही माणूस सुताराला फोन करतो. पावसाळ्यात घर लागले असेल, तर त्याला थांबवा. लाकूड नव्या जागेची हवा ओळखायला वेळ घेते. फुगलेल्या खणाच्या कडेला आज रंधा मारला, तर जानेवारीत तोच खण खुळखुळू लागेल आणि काढलेले लाकूड परत लावता येणार नाही. तोवर कडांना मेण चोळा आणि खण अर्धवट उघडा राहू द्या. दिवाळीनंतर, थंडी पडल्यावर, पुन्हा लावून पाहा; तरीही अडकलाच, तर खुशाल सुताराला बोलवा.